पोट्टे मीटिंगला का टिकत नाहीत

यावेळच्या पत्रांमध्ये चार पत्रं एकाच विषयावर निघाली, सेवाभावी क्लबची दर आठवड्याची मीटिंग आणि त्यात तरुण मुलामुलींचं काय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच घेतले. मी स्वतः नव्वदच्या दशकापासून नागपुरातल्या एका क्लबमध्ये आहे, त्यामुळे जे सांगते ते बघितलेलं सांगते.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या रोटरी क्लबची मीटिंग दर मंगळवारी रात्री आठला असते, 1 जुलैपासून मी अध्यक्ष आहे. मेंबर 46, पण येतात अठरा-वीस आणि त्यात पन्नाशीच्या आतला एकही नाही. रोटरॅक्टच्या, म्हणजे रोटरीच्याच तरुणांच्या क्लबच्या, पोरांना बोलावतो, दोन मंगळवार येतात, तिसऱ्या मंगळवारी गायब. स्पीकर चांगले आणतो, जेवण चांगलं ठेवतो, तरी नाही. आता सीनिअर मेंबर म्हणून राहिले की वीकली मीटिंग बंद करा, महिन्यातून दोनदाच घ्या, पोरांना वेळ नसतो. काय करू? (एक अध्यक्ष, लक्ष्मीनगर)

उत्तर: भाऊ, आधी अध्यक्षपदाबद्दल अभिनंदन. आता मला एक सांगा, ते दोन मंगळवार पोट्टे आले तेव्हा त्यांनी तिथे नेमकं केलं काय? मी तुमच्या मीटिंगला आलेली नाही पण सांगू शकते. मागच्या रांगेत बसले, बेल वाजली, राष्ट्रगीत झालं, सेक्रेटरींनी अनाउन्समेंट केल्या, बर्थडे आणि ॲनिव्हर्सरीच्या टाळ्या झाल्या, स्पीकरचा दीड पानाचा परिचय वाचला गेला, भाषण झालं, व्होट ऑफ थँक्स झालं, आणि मग कोणीतरी म्हणालं की आज आपल्यात रोटरॅक्टर आलेत, उभे राहा रे, की परत टाळ्या, की जेवण. दोन तासांत त्या पोरांना कोणी एक प्रश्न विचारला का हो? चांगला स्पीकर तर त्यांच्या मोबाईलमध्येही आहे आणि जेवणाचं म्हणाल तर त्या वयात तर्रीपोह्यावरही भागते. त्यासाठी कोणी मंगळवारची संध्याकाळ देणार नाही.

हे मी एवढ्या जोरात सांगते कारण मी स्वतः त्या मागच्या रांगेत बसलेली आहे. 1989 पर्यंत रोटरीत बायकांना मेंबरच होता येत नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दुआर्टे गावच्या क्लबने तीन बायकांना मेंबर करून घेतलं तर त्या क्लबची मान्यताच काढून घेतली, भांडण कोर्टात गेलं, 1987 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बायकांच्या बाजूने निकाल दिला आणि 1989 मध्ये जगभरासाठी नियम बदलला. तोपर्यंत आम्ही सगळ्या फक्त 'ॲन्स', म्हणजे मेंबरच्या बायका. रांगोळी आमची, स्वागतगीत आमचं, बुके देणं आमचं, पाहुण्यांच्या मिसेसजवळ बसून गप्पा मारणंही आमचंच. मी मेंबर झाले तरी पहिलं वर्षभर हेच चाललं, फक्त कोटाला रोटरीची पिन लागली होती. सोडायचंच ठरवलं होतं मी.

तेव्हाच पल्स पोलिओ सुरू झालं, 1995 ची गोष्ट. पुढच्या एका फेरीला आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी इतवारीतल्या एका बूथची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. सगळी म्हणजे सगळी, लसीचा बर्फाचा डबा वेळेवर आला का, सावलीत ठेवला का, नर्सबाईंच्या चहापाण्याचं काय, कोणत्या गल्लीतली लेकरं आली नाहीत, त्या गल्लीत कोण जाणार. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. पण खरी गोष्ट पुढच्या मीटिंगला झाली. अध्यक्षांनी स्पीकरच्या आधी मला उभं केलं, किती लेकरं आली, किती राहिली, पैसे किती लागले ते विचारलं, आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, ताई, पुढच्या फेरीला काय बदलायचं ते तुम्ही सांगा. मी सांगितलं की बूथ मंदिराजवळ नको, बाजाराच्या तोंडाशी पाहिजे, मजुरी करणाऱ्या बाया लेकरं घेऊन तिथूनच जातात. आणि पुढच्या फेरीला बूथ खरंच तिथे लागला. त्या दिवसापासून मी क्लबची झाले, पिनमुळे नाही. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा टीव्हीसमोर बसून मी रडले होते, आजही सांगताना गळा भरून येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे भाऊ, तरुण पोरांना खुर्ची देऊ नका, निर्णय द्या, आणि त्यांनी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात झालेलं त्यांना दिसू द्या. आणि पुढच्या आठवड्यात दिसायचं असेल तर पुढच्या आठवड्यात मीटिंग पाहिजे ना, म्हणून वीकली मीटिंग बंद करू नका. 2016 पासून क्लबांना सूट आहे, महिन्यातून किमान दोन मीटिंग घेतल्या तरी चालते, हे तुमचे सीनिअर बरोबर सांगतात. पण सूट आहे म्हणून घ्यायलाच पाहिजे असं थोडीच आहे. पंधरा दिवसांत पोरगा विसरतो की आपण काय बोललो होतो, एका मीटिंगला आला नाही तर महिनाच गेला.

आणि ही आठवड्याची भेट कशातून निघाली ते आठवा जरा. 23 फेब्रुवारी 1905, शिकागो. पॉल हॅरिस नावाचा वकील, वय 36, लहान गावात वाढलेला आणि मोठ्या शहरात एकटा पडलेला. त्याने तीन जणांना सोबत घेतलं, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर, एक टेलर, आणि पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं ठरवलं. पाळीने फिरायचं म्हणून नाव रोटरी. समाजकार्य नंतर आलं, दोन वर्षांनी त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालयासाठी खटपट केली, पण सुरुवात एकटेपणातूनच झाली. आता आपलं नागपूर बघा. गडचिरोलीहून, गोंदियाहून, भंडाऱ्याहून आलेली पोरं नंदनवनला नाहीतर प्रतापनगरला रूम करून राहतात, दिवसभर लायब्ररीत एमपीएससीची तयारी, रात्री मेसचा डबा, आणि या एवढ्या मोठ्या शहरात मंगळवारी ते आले नाहीत तर 'काहून नाही आला रे' असं विचारणारं कोणी नाही. 1905 चा तो वकील आणि हा पोरगा, दुखणं तर एकच आहे. दर मंगळवारी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आपली वाट बघणारे चार लोक आहेत, ही गोष्ट त्या पोराला स्पीकरपेक्षा मोठी वाटते.

आता करायचं काय. मीटिंगचे सुरुवातीचे सोपस्कार दहा मिनिटांत संपवा, बर्थडेच्या टाळ्या जेवताना वाजवा. त्यानंतरची वीस मिनिटं रोटरॅक्टची, स्पीकरच्या आधी, सगळे ताजेतवाने असताना. त्या वीस मिनिटांत अहवाल वाचायचा नाही, एक प्रश्न ठेवायचा ज्याचं उत्तर त्याच दिवशी ठरेल. वर्षाच्या बजेटमध्ये त्यांच्या नावाने वेगळी रक्कम ठेवा, पंचवीस हजार ठेवा, दहा ठेवा, पण खर्चावर त्यांची सही आणि सोबत एका मोठ्या मेंबरची. बोर्डाला दर वेळी विचारायला लावू नका, सातशे रुपयांच्या बॅनरसाठी पोराला चार अंकलना फोन करावे लागले की तो परत काही मागायला येत नाही. हिशोब मात्र कडक घ्या, पावती नाही तर पैसे नाहीत, हेही त्यांना शिकायलाच पाहिजे. आणि वेळ बदला हो. रात्री आठला सुरू, साडेदहाला जेवण, मग पोरींनी घरी कसं जायचं? साडेनऊपासून त्यांच्या आईचे फोन सुरू होतात, मेट्रो शेवटच्या गाडीला आलेली असते. साडेसहाला सुरू करा, आठला संपवा, जेवणाऐवजी चहा-नाश्ता ठेवा. दुकानवाले मेंबर कुरकुर करतील, करू द्या, महिन्यातला एक मंगळवार त्यांच्या सोयीचा ठेवा.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, घराघरात पाणी शिरलं, ते आपण नागपूरकर विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी एका क्लबची रोटरॅक्टची पोरं कोणी न सांगता फावडे-बादल्या घेऊन निघाली, व्हॉट्सॲपवर एकमेकांना लोकेशन टाकत तीन दिवस लोकांच्या घरातला चिखल काढत होती, म्हाताऱ्या माणसांच्या ओल्या गाद्या उचलत होती. पुढच्या मीटिंगमध्ये पूरग्रस्तांसाठी केलेल्या कामाबद्दल सत्कार झाला तो दोन सीनिअर मेंबरचा. पोरांना ग्रुप फोटोसाठी पुढे बोलावलं. त्यातली निम्मी पोरं परत आली नाहीत आणि मला त्यांचा अजिबात राग येत नाही. त्या तीन दिवसांत काय दिसलं, कुठे काय कमी पडलं, पुढच्या पावसाळ्याआधी क्लबने काय घेऊन ठेवायला पाहिजे, हे त्यांना विचारलं असतं तर एका मीटिंगमध्ये अख्ख्या वर्षाचा प्रोजेक्ट उभा राहिला असता.

आपल्या विदर्भात हे काही नवीन नाही बरं का. बाबा आमटेंनी साठच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, मे महिन्यात, आपल्याकडच्या त्या उन्हात. सकाळी कुदळ-फावडं, चर्चा आणि भाषणं नंतर. तरी महाराष्ट्रभरातून पोरं तिकीट काढून यायची. आधी हाताला काम आणि मग बोलणं, हा क्रम मंगळवारच्या मीटिंगलाही लावून बघा.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, आमच्या रोटरॅक्टची सेक्रेटरी आहे. आम्हाला पॅरेंट क्लबमध्ये, म्हणजे ज्या मोठ्या रोटरी क्लबने आमचा क्लब काढला तिथे, फक्त अँकरिंग, बुके आणि फोटो एवढंच काम देतात. त्यात मी मराठी मीडियमची, मीटिंग सगळी इंग्लिशमध्ये चालते, बोलायला उठले की पाय थरथरतात. घरचे म्हणतात सीव्हीत टाकायला झालं ना, आता सोड आणि अभ्यास कर. सोडू का? (मानेवाडा)

उत्तर: बेटा, सोडायचं असेल तर सोड, पण एक काम करून मग सोड. आधी हे माहीत असू दे की तू कोणाची छोटी शाखा नाहीस. रोटरॅक्ट 1968 मध्ये सुरू झालं तेव्हापासून कितीतरी वर्षं ते मोठ्या क्लबचा उपक्रम धरलं जायचं, पण 2019 मध्ये नियमच बदलला आणि रोटरॅक्ट क्लबला रोटरीत स्वतःचं सदस्यत्व मिळालं, 2020 पासून तिशीची वयाची अटही गेली. हे पॅरेंट क्लबच्या निम्म्या मेंबरना माहीतच नसतं. भांडायला सांगत नाही, प्रेमाने सांग त्यांना.

आता काम. लेखी एक पान दे अध्यक्षांना, एकच प्रोजेक्ट, तीन महिन्यांचा, पैसे किती आणि माणसं किती. विषय मी सुचवते, सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात हा आजार जास्त आहे हे तुला माहीत असेल, पण कॉलेजात विचारून बघ, वाहक म्हणजे काय हे दहातल्या किती जणांना सांगता येते. वाहक म्हणजे ज्याच्यात आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असते, त्याला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो म्हणून त्याला कळतही नाही, आणि नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे हे लग्नाआधी कळायला पाहिजे आणि लग्नाआधीची सगळी माणसं कुठे आहेत तर तुझ्या कॉलेजात. रक्ताची साधी सोल्युबिलिटी टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी करतात. 1 जुलै 2023 ला केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय मिशन सुरू केलं, त्यामुळे सरकारी आरोग्य यंत्रणेला सोबत घ्या, स्वतः सुया टोचायच्या भानगडीत पडू नका. तुमचं काम म्हणजे पोरांना समजावणं, रांगेत आणणं आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात पडेल हे बघणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, एकाचंही नाव ग्रुपवर जायला नको, रिपोर्ट हातात घेऊन फोटो नको. वाहक निघाली म्हणून पोरीचं लग्न मोडलं असं व्हायला नको, आणि तुमच्यामुळे तर मुळीच नको. मोठ्या क्लबमध्ये डॉक्टर मेंबर असतातच, त्यांना तारीख मागा, पाहुणे म्हणून बोलावू नका, कामाला बोलवा.

इंग्लिशचं म्हणशील तर मीटिंग इंग्लिशमध्येच झाली पाहिजे असा कुठेही नियम नाही. तू मराठीत बोल. पहिलं वाक्य पाठ कर, बाकी कागदावर चार शब्द लिही, पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस. मी बघितलंय, पोरगी मराठीत नीट बोलली की मागच्या टेबलवरचे काकाही फोन खाली ठेवतात, कारण घरी तेही मराठीतच बोलतात ना. पाय थरथरले तर थरथरू दे, टेबलाला हात टेकवून उभी राहा, माझेही वर्षभर थरथरत होते आणि मग कधी थांबले ते कळलंच नाही.

घरच्यांना सांग की मार्चपर्यंत आठवड्याचे दोन तास, परीक्षेच्या महिन्यात शून्य. आणि तुझा प्रस्ताव दोन मीटिंगमध्ये बोर्डासमोर आलाच नाही, कोणी उत्तरही दिलं नाही, तर मग खुशाल निघ. चांगली कामं करणारी माणसं शहरात दुसरीकडेही आहेत, तिकडे जा. मन लावून काम करणाऱ्या पोरीने बुके धरत तीन वर्षं काढावीत असं मला वाटत नाही.

प्रश्न: माझा मुलगा शाळेच्या इंटरॅक्ट क्लबचा अध्यक्ष झाला आहे. यंदा दहावी. ट्यूशनचे सर म्हणतात असले उद्योग बंद करा. मुलगा ऐकत नाही. काय करावं? (एक आई, महाल)

उत्तर: ताई, इंटरॅक्ट हा रोटरीचाच क्लब 12 ते 18 वयाच्या मुलांसाठीच आहे, म्हणजे दहावी-बारावी त्यात येणारच हे धरूनच ते बनवलेलं आहे. वर्षाला दोन मुख्य प्रोजेक्ट अपेक्षित असतात, एक शाळेसाठी नाहीतर गावासाठी, एक दुसऱ्या देशांची ओळख व्हावी म्हणून. दोन्ही दिवाळीच्या आधी उरकता येतात. त्याच्याशी बसून ठरवा, डिसेंबरपासून सगळं काम नववीतल्या उपाध्यक्षाकडे. बंद करू नका मात्र. पंधरा वर्षांच्या मुलाला वीस पोरांची मीटिंग वेळेत सुरू करून वेळेत संपवता येत असेल तर त्याला अभ्यासाचं वेळापत्रकही जमते, तुम्ही एकदा त्याची मीटिंग मागे बसून बघाच. आणि ट्यूशनच्या सरांना सांगा की रविवारचा एक तास त्याचा आहे, उरलेले सगळे तुमचे.

प्रश्न: ताई मी 24 वर्षांचा आहे, नागपुरात चार वर्षं रोटरॅक्टमध्ये होतो. आता पुण्यात जॉब लागला. ओळखीचं कोणी नाही. नागपूरचा क्लब सोडून इकडच्या क्लबमध्ये कसं यायचं, परत नव्याने सगळं करावं लागते का? (सध्या हिंजवडी)

उत्तर: नाही रे बाबा. आपल्या नागपूरची निम्मी पोरं पुण्यातच आहेत, तुला वाटते तेवढा तू एकटा नाहीस. जुनी पद्धत माहीत आहे ना, मेक-अप, म्हणजे आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर 14 दिवस आधी किंवा नंतर जगात कुठल्याही क्लबच्या मीटिंगला बसलं की हजेरी लागायची. आता हजेरीचे नियम बरेच सैल झालेत पण दार तसंच उघडं आहे, कुठल्याही क्लबच्या मीटिंगला पाहुणा म्हणून जाता येते. हिंजवडीहून पुण्यात यायचं म्हणजे ट्रॅफिक बघता वर्किंग डेला जमणार नाही, त्यामुळे वीकेंडला भेटणारा किंवा तुझ्या ऑफिसजवळचा क्लब शोध. तीन वेगवेगळ्या क्लबमध्ये एकेकदा बसून बघ, जिथे तुझं नाव आणि गाव विचारल्यानंतर 'तू काय करू शकतोस' असंही विचारतील तिथे राहा. इथल्या सेक्रेटरीकडून तू केलेल्या कामाचं पत्र घेऊन ठेव, ट्रान्सफरला कामाला येते. मीटिंगच्या दहा मिनिटं आधी पोच, खुर्च्या लावत असतील तर हात लाव. आणि दिवाळीत घरी येशील तेव्हा मंगळवार बघून ये, तुझ्या जुन्या क्लबमधल्या नव्या पोरांना वीस मिनिटं तू दे.